चारशे सतरा नंबरचं गाणं

काचीगुडा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

एका अन्यायाची कुठेतरी लेखी नोंद असावी म्हणून हे पत्र. माझी वेताची खुर्ची गेली. चोरीला नाही. चोरीला गेली असती तर निदान पोलिसांत जाता आलं असतं. ती खिडकीपाशी होती, ती आता टेलिफोनपाशी नेण्यात आली आहे, आणि माझ्याखेरीज सगळं काचीगुडा तिच्यावर बसून जातं. अठरा वर्षं त्या खुर्चीत बसून मी पेपर वाचला. आता पलंगाच्या कडेला अर्धवट टेकून वाचतो. तुझी वहिनी म्हणते, "बातम्या तिकडे बसूनही त्याच असतात ना?" संस्कृत शिकवण्यात माझा जन्म गेला, पण अनुराधेच्या या न्यायशास्त्रावर भाष्य लिहायची माझी छाती नाही.

या स्थानभ्रंशाचं मूळ तुझ्या कचेरीत आहे, म्हणून तक्रार तुझ्याकडे. तुमचं 'तबकडी' साप्ताहिक दर रविवारी मराठी गाण्यांची 'पहिली वीस' छापतं. आजवर तुम्ही दुकानांत खपलेल्या कॅसेट मोजत होता. एका कॅसेटवर गाणी दहा, तेव्हा खप कुठल्या गाण्याचा धरायचा? तर 'अ' बाजूच्या पहिल्या गाण्याचा. आमच्या रेणूचं गाणं नवोदितांच्या कॅसेटवर 'ब' बाजूला, अगदी शेवटी. म्हणजे सुलतान बाजारात कुणी केवळ रेणूसाठी ती कॅसेट घेतली, तरी पुण्य पहिल्या गाण्याच्या गृहस्थाला. हे दान एकानं करावं आणि स्वर्गात दुसऱ्यानं जावं असं झालं.

आता दिवाळीपासून तुम्ही म्हणता, केबलवर फोन करून लोक गाणं लावायला सांगतात, तेही मोजू. पाच शहरांत हैदराबादही आहे. पंचवीस फोन म्हणजे एक कॅसेट. माझा पूर्वपक्ष असा: पंचवीसच का? एकानं कॅसेट घेतली आणि कपाटात ठेवून दिली. दुसऱ्यानं चोवीस वेळा फोन करून तेच गाणं ऐकलं. तुमच्या मते पहिला रसिक आणि दुसरा कुणीच नाही. सिद्धान्त कळवावा.

शेजारचे अंबाजीराव, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, तुला आठवत असतील. त्यांच्याकडे फोन नाही. म्हणून त्यांच्या जयवंताकाकू आमच्याकडे येतात, खुर्चीत बसतात आणि केबलवाल्याच्या मुलीला सांगतात, "चारशे सतरा लगाव बेटा." रेणूच्या गाण्याचा तो नंबर आहे. काकू आता रेणूलाही चारशे सतराच म्हणतात.

बाकी तुला माहीत आहेच. कॅसेट कंपनीनं सांगितलंय, गाणं एकदा जरी 'पहिल्या विसा'त आलं तर रेणूची स्वतंत्र कॅसेट काढू, आणि मग तिनं मुंबईत येऊन राहावं. इकडे सिकंदराबादच्या एका कॉम्प्युटर कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे. त्यांना वीस डिसेंबरपर्यंत उत्तर हवं. रेणू म्हणते, "यादीत आलं तर मुंबई, नाहीतर कॉम्प्युटर." मी मत दिलेलं नाही. माझं म्हणणं फक्त खुर्चीबद्दल आहे.

तुझा,
शशीदादा

मुलुंड, मुंबई
२४ नोव्हेंबर १९९६

ती. शशीदादास सा. न.

खुर्चीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. हसून.

पंचवीसचा सिद्धान्त ऐक. आमच्या साहेबांनी तो लिफ्टमध्ये ठरवला. दुसऱ्या मजल्यावर शंभर म्हणत होते, तिसऱ्यावर कुणीतरी दहा म्हणालं, चौथ्यावर दार उघडलं तेव्हा पंचवीस झाले होते. पण दादा, त्यामागे विचार अगदीच नाही असं नको समजूस. दुकानात जाऊन कॅसेट घेणारा माणूस घरून निघतो, गर्दीतनं जातो, दहा कॅसेटी चाळतो. फोन करणारा जागचा हलत नाही. दोघं सारखे कसे धरणार? आणि फोनवाल्यांना धरलंच नाही तर 'ब' बाजूच्या शेवटच्या गाण्याला जगात वालीच नाही. तुझ्या मुलीसाठीच नियम केल्यासारखा झालाय.

तसा तो केलेला नाही, हेही सांगून ठेवते. पाचही शहरांचे तक्ते माझ्याच टेबलावर येतात. रेणू माझी भाची आहे हे मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मग उत्तम. बाई, तुम्ही जास्तच कडक राहाल." केबलवाल्याची मुलगी तक्त्यात फक्त वेळ आणि गाण्याचा नंबर लिहिते, फोन कुणाचा ते नाही. एका घरातून दिवसाला एकच फोन करावा असं टीव्हीच्या पडद्यावर खाली लिहिलेलं असतं. ते लोक पाळतात की नाही, हे बघायला आमच्याकडे काही साधन नाही. विश्वास, एवढंच.

पहिल्या आठवड्यात चारशे सतराला एकसष्ट फोन आले. म्हणजे अडीच कॅसेट. विसाव्या जागेला साधारण साठ कॅसेट लागतात, दीड हजार फोन. तेव्हा रेणूला फार आशा लावू नका.

आणि तीन पानं लिहिलीस त्यात गाणं तुला कसं वाटलं, हे एका ओळीनंही नाही. रेणू जूनमध्ये माझ्याकडे राहून रेकॉर्डिंग करून गेली, तेव्हापासून मी वाट बघतेय. लिही.

तुझी,
अलका

काचीगुडा, हैदराबाद
३० नोव्हेंबर १९९६

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जात नाही हे रेणूचं भाग्य.

इकडे लोकांना भलताच उत्साह आला आहे. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या बैठकीत अकरा माणसं होती. अंबाजीरावांनी गाडी सोडण्याच्या थाटात हात वर केला आणि म्हणाले, "आपल्या पोरीचं गाणं मुंबईच्या यादीत जायलाच पाहिजे. घरटी एक फोनानं काय होतं? कैकू थांबायचं?" नारायणगुड्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "पण पाटीवर एकच फोन लिहिलंय." त्यावर काकू म्हणाल्या, "पाटी मला वाचता येत नाही बाई. मी मोकळी." सगळे हसले. मी त्यात नाही. मी चहा झाल्यावर उठून आत गेलो. लोकांचा उत्साह आवरणं हे माझं काम नव्हे.

गाण्याबद्दल विचारतेस. तिसऱ्या ओळीत कवीनं वृत्त सांभाळण्यासाठी एका चांगल्या शब्दाची मान मुरगाळली आहे. रेणूचे उच्चार स्वच्छ आहेत, 'ण' आणि 'न' वेगळे ऐकू येतात. बासरी अंमळ जास्त आहे. तबला कुठल्या तरी यंत्रातून काढलेला दिसतो.

रेणूनंही विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, खरं सांगा, कसं आहे?" मी म्हटलं, "पहिल्या आठवड्यात एकसष्ट फोन आले असं अलका लिहिते." ती म्हणाली, "ते नाही विचारलं." एवढ्यात दारावर कुणीतरी आलं, म्हणून तो विषय राहिला.

तुझा,
शशीदादा

मुलुंड, मुंबई
५ डिसेंबर १९९६

ती. शशीदादास सा. न.

आधी बातमी. गेल्या आठवड्यात चारशे सतराला एक हजार चारशे बावन्न फोन! अठ्ठावन्न कॅसेट. एकविसावी जागा, दादा. छापायची वीसच असतात म्हणून या रविवारच्या अंकात दिसणार नाही, पण आणखी पन्नासएक फोन असते तर दिसलं असतं. तुझ्या लोकांचा उत्साह म्हणतोस तो हाच असेल तर मी काही विचारत नाही. गाणं आवडणाऱ्यानं दोनदा फोन केला तर त्याला फाशी द्यायची नाही.

पण एक कोडं आहे. साहेबांच्या लक्षात आलं. हैदराबादच्या तक्त्यात चारशे सतराचे फोन दिवसभर येतात, अगदी सारख्या अंतरानं, आणि रोज दीड तास जवळजवळ थांबतात. एखाददुसरा येतो न येतो. बाकीच्या गाण्यांचे चालू असतात. आणि गंमत म्हणजे तो दीड तास रोज वेगळा. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ. मंगळवारी तीन ते साडेचार. बुधवारी बारा ते दीड. गुरुवारी दीड ते तीन. शुक्रवारी साडेदहा ते बारा. साहेब म्हणतात, तुमच्या भागातल्या एक्स्चेंजमध्ये काही दुरुस्ती चालू असेल, तेवढा वेळ लाइन बंद पडत असेल. त्यांना याचा खुलासा हवा आहे, नाहीतर ते पुढच्या आठवड्याचे आकडे धरायला तयार नाहीत. तू तिथेच आहेस. खरंच लाइन बंद असते का, बघून लगेच कळव.

वीस तारीख जवळ आली. रेणूनं खूप मनाला लावून घेतलंय का?

तुझी,
अलका

काचीगुडा, हैदराबाद
९ डिसेंबर १९९६

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आताच मिळालं, हे उत्तर लगेच टपालात टाकतो आहे. तुझ्या साहेबांचा तर्क बरोबर आहे. आमच्या भागात सध्या टेलिफोनची लाइन अधूनमधून बंद असते. दुरुस्ती चालू आहे. वेळा साधारण तू लिहिल्यास तशाच.

अनुराधा बरी आहे. थंडी पडली आहे.

तुझा,
शशीदादा

मुलुंड, मुंबई
१४ डिसेंबर १९९६

ती. शशीदादास सा. न.

तुझं चार ओळींचं पत्र गुरुवारी आलं. चार ओळी! तू मला साधं पावतीचं पत्र लिहिलंस तरी त्यात दोन समास आणि एक टोमणा असतो. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. साहेबांना मात्र ते पटलं. त्यांनी पत्र फाइलला लावलं आणि म्हणाले, "झालं तर. धरा आकडे." गेल्या आठवड्याचे फोन सोळाशे दहा. चौसष्ट कॅसेट. एकोणिसावी जागा. पान जुळवायला गेलं. रेणूचं नाव मी स्वतःच्या हातानं लिहिलं.

संध्याकाळी गाडीत बसले आणि रविवारचा तक्ता डोळ्यांपुढे आला. साडेचार ते सहा. दादा, मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे, परतीची गाडी नेहमी रविवारची. काचीगुडा स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर, पण मामी, तुझी आई, मला बॅगेसकट बैठकीत बसवून ठेवायची. मामा येरझाऱ्या घालायचे, "अगो, गाडी जाईल!" आणि मामी म्हणायची, "जाऊ दे. सहा वाजेपर्यंत पोर उंबरा ओलांडणार नाही." राहुकाळ. रोजचा अशुभ दीड तास, दर वारी वेगळा.

घरी पोचल्यावर खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंचं कॅलेंडर मागून आणलं. सातही वार जुळले.

इथे मुंबईत आमच्या कचेरीत कुणालाही ते सात जन्मांत कळलं नसतं. सगळं मिटलं होतं. मिटू दिलं नाही ते मी. काल सकाळी साहेबांना कॅलेंडर दाखवलं. ते आधी पाच मिनिटं हसले, मग म्हणाले, "म्हणजे राहुकाळात आले तेवढेच खरे समजा." पान परत मागवलं, रेणूचं नाव काढलं. मग तीन आठवड्यांचे तक्ते पुढे घेऊन मी राहुकाळातले फोन मोजले. एकोणीस निघाले. एकोणीस फोनांची एक कॅसेटही होत नाही.

फोन केल्याचा मला राग नाही. काकूंना पाटी वाचता येत नाही, ठीक आहे. पण लाइन बंद असते असं तू मला लिहिलंस. तू. मला ते वाचून वाटलं, आता मी कोणाचं खरं धरू?

एवढंच सांग. पाळ्या कुणी लावल्या होत्या?

अलका

काचीगुडा, हैदराबाद
१८ डिसेंबर १९९६

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

पाळ्या मी लावल्या होत्या.

पंधरा वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच करतो, त्यामुळे हात बसलेला आहे. सव्वीस घरं, दर घराला दिवसातून आठ फोन, दोन घरांचे एका वेळी येऊ नयेत अशी मांडणी. ताव आखून, शाई वापरून केलं. 'मी आत गेलो' असं तुला लिहिलं ते खरं होतं. आत जाऊन तावच काढत होतो.

राहुकाळ मी मानत नाही हे तुला माहीत आहे. आईशी मी त्यावरून किती वाद घातले. पण अंबाजीराव म्हणाले, "मास्तर, शुभ काम राहुकाळात नक्को. हैदराबादेत राहून एवढं पण नाय का समजत?" मी हसलो, आणि मग रोजचा दीड तास कोरा सोडला. स्वतःसाठी नसता सोडला. मुलीसाठी म्हटलं, न जाणो. माझी सगळी विद्या त्या 'न जाणो'पाशी संपली.

तुला लिहिलं ते खोटं होतं. ते लिहिताना तुला खोटं लिहितो आहे हेही मला कळत होतं. त्याबद्दल शब्द नाहीत. तू नाव काढलंस ते बरोबर केलंस.

आता तुझे एकोणीस. त्यात दुरुस्ती कर. सहा माझे आहेत.

शाळेसमोर इराण्याचं हॉटेल आहे. तिथे टीव्ही आहे आणि गल्ल्यावर फोन आहे. पाळीचे फोन चालू असताना गाणं कुणी लावलं हे सांगता यायचं नाही, म्हणून राहुकाळ निवडला. बुधवारी मधल्या सुट्टीत, आणि रविवारी संध्याकाळी, अशा तीन आठवड्यांत सहा वेळा मी चारशे सतरा लावलं आणि चहा मागवून बसलो. टीव्हीकडे पाहिलं नाही. माणसांकडे पाहत होतो. अनोळखी माणूस हे गाणं ऐकून काय करतो, मला बघायचं होतं. पहिल्या बुधवारी कुणी काही केलं नाही. बिस्किट चहात बुडवत होते ते बुडवत राहिले. दुसऱ्या रविवारी एकानं मान वर केली, मला आनंद झाला, तर तो टीव्हीच्या वरचं घड्याळ बघत होता. शेवटच्या वेळी दोन तरुण मुलगे गाणं संपेपर्यंत बोलायचे थांबले. पण त्यांचं आपसात भांडण झालेलं असावं असंही दिसत होतं.

तेव्हा उरले तेरा.

आज तुझं पत्र आलं आणि मी ते रेणूला वाचायला दिलं. तिला तुझं अक्षर लागत नाही. मराठी वाचायला ती तशीही अडखळते. मग मीच मोठ्यानं वाचलं, गाळलं काही नाही. ताव दाखवला. अनुराधेनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, रेणू रडेल, नाहीतर चिडेल. ती बराच वेळ त्या तावावरचे रकाने बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तेरा म्हणजे अगदी अनोळखी?"

"अनोळखी."

"काकूंचे नाहीत? शाळेतल्या कुणाचे नाहीत?"

"नाहीत. पाळीतल्या लोकांनी राहुकाळात फोनाला हात लावला नसता."

"म्हणजे कुणी सांगितलेलं नसताना तेरा वेळा लावलं," ती म्हणाली, आणि हसली. दीड हजारांचा आकडा ऐकून ती अशी हसली नव्हती. मी तीन आठवडे भलतंच मोजत होतो.

मग म्हणाली, "यादीचं राहू दे. अलकाआत्या म्हणाली होती की शिकायचं असेल तर तिच्याकडे राहता येईल. कॅसेट निघो न निघो. नाहीतर सिकंदराबाद आहेच. परवा मला कळवायचंय. आता आकडा नका सांगू. तुम्ही सांगा, जाऊ का?"

मी म्हटलं, उद्या सांगतो.

हे पत्र तुला मिळेल तोवर तिनं उत्तर दिलेलं असेल, तेव्हा मी तुझा सल्ला मागत नाही. फक्त कुणाला तरी खरं लिहायचं होतं आणि तुझं माझ्याकडे एक खरं येणं आहे. मी यादीच्या मागे लागलो ते तिला मुंबईला धाडण्यासाठी नाही. गाणं यादीत आलं असतं तर तो निर्णय तुमच्या तक्त्यानं घेतला असता. नसतं आलं, तरी तक्त्यानंच. मला काही म्हणावं लागलं नसतं.

अलका, तिचा आवाज चांगला आहे की नुसता बरा, हे मला सांगता येत नाही. मला तिनं इथून जायला नको आहे. उद्या मी तिला नोकरी धर म्हणेन, आणि ती माझं ऐकेलही. तेव्हा ते मी तिचं गाणं ऐकून म्हटलं, की ती घरात राहावी म्हणून म्हटलं, हे मला स्वतःलाच कळणार नाही. मला याचीच भीती वाटते.

शशीदादा